जुने व्हिडिओ गेम आणि आधुनिक दूरचित्रवाणी संच : निवडीचे तांत्रिक निकष
(सोलापूर शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इसवी सन १९९० नंतरच्या दशकात सोलापूरसारख्या शहरातील अनेक मध्यमवर्गीय घरांत आणि गल्लीबोळांतील लहान दुकानांत व्हिडिओ गेमने प्रवेश केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तासाच्या हिशेबाने पैसे देऊन खेळणारी मुले, दूरचित्रवाणी संचाच्या मागील अँटेनाची तार काढून तेथे जोडलेली खेळयंत्राची तार, चित्र स्थिर होईपर्यंत फिरविली जाणारी ट्यूनिंगची कळ आणि खेळ सुरू झाला नाही की 'कॅसेट' बाहेर काढून तिच्यावर मारलेली फुंकर, हे त्या पिढीचे सामायिक अनुभवविश्व आहे. ती पिढी आज चाळिशीच्या आसपास असून तिच्यापैकी अनेकजण अध्यापन, व्यापार व उद्योग या क्षेत्रांत स्थिरावले आहेत. माळ्यावरील पेटीत जपून ठेवलेले खेळयंत्र आपल्या मुलांना दाखवावे, अशी इच्छा त्यांच्यापैकी काहींना होणे स्वाभाविक आहे.

मात्र हे यंत्र आजच्या सपाट पडद्याच्या संचास जोडल्यावर बहुधा निराशा पदरी पडते. मारिओ बुटका व रुंद दिसतो, कडा फुसकट होतात, मार लागल्यावर लुकलुकणारे पात्र मधेच दिसेनासे होते आणि योग्य क्षणी कळ दाबूनही उडी खड्ड्यात पडते. अशा वेळी यंत्र बिघडले असावे किंवा वयोमानाने हाताचा वेग कमी झाला असावा, असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. दोष असतो तो चित्रनलिकेसाठी निर्माण झालेला संकेत आणि चित्रनलिका नसलेला संच यांच्यातील विसंगतीचा. ही विसंगती समजून न घेता कार्यक्षम खेळयंत्र भंगारात देणे किंवा केवळ आकार व किंमत पाहून नवा संच विकत घेणे, या दोन्हींत नुकसानच आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. चित्रनलिका असलेला संच आणि आधुनिक संच यांच्या कार्यपद्धतीतील मूलभूत फरक स्पष्ट करणे.
२. जुन्या खेळांच्या दृष्टीने आधुनिक संच निवडण्याचे निकष सांगणे.
३. घर व महाविद्यालय या दोन्ही पातळ्यांवर उपयुक्त ठरतील अशा व्यावहारिक सूचना करणे.

पार्श्वभूमी

जपानमधील निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ मध्ये आला, तर 'कॉन्ट्रा' हा मूळचा १९८७ चा खेळ १९८८ मध्ये या घरगुती यंत्रावर उपलब्ध झाला. भारतीय बाजारपेठेत जी यंत्रे सर्वाधिक पोहोचली, ती प्रामुख्याने या फॅमिकॉमच्या प्रतिकृती होत्या. निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या यंत्रांतील खेळ मात्र बहुतांशी तेच असत.

भारतात रंगीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १९८२ मध्ये झाला आणि त्यासाठी 'पाल' ही पद्धती स्वीकारण्यात आली. या पद्धतीत एका पूर्ण चित्रात ६२५ रेषा असतात. एका सेकंदात २५ पूर्ण चित्रे, म्हणजेच ५० अर्धचित्रे पाठविली जातात. जपान व अमेरिकेतील 'एनटीएससी' पद्धतीत ५२५ रेषा व सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रे असतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब म्हणजे त्या काळातील घराघरांत दिसणारा व्हिडिओकॉन हा संच औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योगसमूहाचा होता. कालांतराने सपाट पडदे स्वस्त झाले आणि चित्रनलिकेचे संच बाजारातून नाहीसे झाले. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रेही बंद झाली. ज्या तांत्रिक परिसरात ही खेळयंत्रे जन्मली, तो परिसर अशा रीतीने जवळजवळ संपुष्टात आला आहे.

चित्रनलिका व सपाट पडदा : मूलभूत फरक

चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतील लेपावर डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरतो. पाल पद्धतीत तो सेकंदाला १५,६२५ रेषा ओढतो. यंत्राकडून आलेला संकेत जवळजवळ त्याच क्षणी झोताची तीव्रता ठरवितो. चित्र कोठेही साठविले जात नाही, त्यामुळे लक्षात येण्याजोगा विलंबही होत नाही.

आधुनिक संच याउलट वागतो. आलेले चित्र तो प्रथम स्मृतीत साठवितो, त्याचे आकारमान आपल्या पडद्याच्या बिंदूंशी जुळवून घेतो, रंग व तीक्ष्णता यांवर प्रक्रिया करतो आणि नंतरच ते दाखवितो. चित्रपट पाहताना या प्रक्रियेचा लाभ होतो, कारण प्रेक्षकाला चित्राला प्रतिसाद द्यावयाचा नसतो. खेळात मात्र तोच प्रतिसाद मध्यवर्ती असतो.

दुसरा फरक रेषांचा आहे. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण एकदा विषम व एकदा सम रेषा अशा पद्धतीने होते. जुन्या खेळयंत्रांनी यात एक युक्ती योजली होती. ती प्रत्येक वेळी त्याच रेषांवर चित्र काढीत व मधल्या रेषा रिकाम्या ठेवीत. फॅमिकॉमचे चित्र २५६ गुणिले २४० बिंदूंचे असते आणि चित्रनलिकेवर ते रेषारेषांचे, तरीही स्थिर दिसते. अनेक आधुनिक संच व स्वस्त परिवर्तक या संकेतास नेहमीचे प्रक्षेपण समजून लागोपाठची दोन चित्रे एकत्र विणू पाहतात. मार लागलेले पात्र आळीपाळीने एका चित्रात असते व दुसऱ्यात नसते. दोन चित्रांची अशी चुकीची सांधणी झाल्यावर ते पट्ट्यापट्ट्यांचे दिसते किंवा पूर्णतः अदृश्य होते.

सोलापूरच्या वाचकास हा विषय जेकार्ड मागाच्या उदाहरणाने सहज उमगेल. चादरीवरील नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढली जाते आणि त्यानुसार छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पाने मागावर चढतात. खेळातील पात्राची आकृतीही अशीच घरे भरून तयार केलेली असते. मागाच्या धाग्यांची संख्या नक्षीच्या घरांच्या पटीत असेल तर नक्षी रेखीव उतरते. ती तशी नसेल तर काही घरे जाड व काही बारीक होतात. आधुनिक पडद्यावर जुने चित्र बेढब दिसण्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

निवडीचे निकष

अ) विलंब : कळ दाबणे व पडद्यावर परिणाम दिसणे यांमधील काळ हा सर्वांत महत्त्वाचा निकष होय. सेकंदाला ६० चित्रे असतील तर एका चित्राचा काळ सुमारे १६.७ मिलिसेकंद होतो. ५० असतील तर २० मिलिसेकंद. नेहमीच्या चित्रपद्धतीत अनेक संच ५० ते १०० मिलिसेकंदांचा विलंब करतात. शंभर मिलिसेकंद म्हणजे पाच-सहा चित्रे होत. 'कॉन्ट्रा'मधील गोळी एवढ्या अवधीत पात्रापर्यंत येऊन पोहोचते. 'गेम मोड' असलेल्या चांगल्या संचात हा विलंब १० ते २० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. म्हणून गेम मोड नसलेला संच, तो कितीही मोठा व स्वस्त असला तरी, या कामासाठी घेऊ नये. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मानकात ही पद्धत आपोआप सुरू होण्याची सोय आहे. परंतु जुनी यंत्रे तसा संकेत देत नाहीत. त्यामुळे गेम मोड हाताने सुरू करावा लागतो. काही संचांत तो प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आ) बिंदूंची संख्या : २४० रेषांचे चित्र पूर्णांक पटीत मोठे झाले तरच प्रत्येक रेषा सारख्या जाडीची दिसते. बत्तीस इंची संचांत बहुधा ७६८ रेषा असतात. ७६८ ला २४० ने भागल्यास ३.२ येतात. फुल एचडी संचाच्या १०८० रेषांना भागल्यास ४.५ येतात; तेथे चौपट, म्हणजे ९६० रेषांचे चित्र घेऊन वर व खाली ६० रेषा रिकाम्या ठेवाव्या लागतात. फोर-के संचाच्या २१६० रेषांना भागल्यास मात्र नेमके ९ येतात. आडव्या दिशेने हिशेब असा नेमका बसत नाही. तथापि फोर-के पडद्यावर मूळचा एक बिंदू ११ किंवा १२ बिंदूंचा होतो व हा फरक डोळ्यांस जाणवत नाही. कमी बिंदूंच्या पडद्यावर तो ३ किंवा ४ बिंदूंचा होतो आणि पात्र चालताना त्याचा चेहरा रुंद-अरुंद होत असल्याचे स्पष्ट दिसते. जुन्या, ओबडधोबड चित्रासाठी अधिक बिंदूंचा पडदा कशाला, हा प्रश्न सकृद्दर्शनी योग्य वाटतो; पण उपरोक्त गणित त्याचे उत्तर देते.

इ) लांबी-रुंदीचे प्रमाण व आकार : जुने चित्र ४:३ प्रमाणाचे व आजचा पडदा १६:९ प्रमाणाचा असतो. चित्र पूर्ण पडद्यावर ताणले की त्याची रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. संचात ४:३ हा पर्याय आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच तपासावे. दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहणे हा दोष नव्हे. या पर्यायात ३२ इंची संचावर चित्राचा कर्ण सुमारे २६ इंच, तर ४३ इंची संचावर सुमारे ३५ इंच भरतो. पूर्वीच्या २१ इंची संचाची सवय असणाऱ्यास ४३ इंची संच पुरेसा आहे. आकार वाढविण्यापेक्षा तोच पैसा कमी विलंबाच्या संचावर खर्च करणे श्रेयस्कर ठरेल.

ई) पडद्याचा प्रकार : ओएलईडी पडद्यावर काळा रंग पूर्ण काळा दिसतो व बिंदू अत्यंत वेगाने बदलतात. परंतु गुणसंख्या व उरलेले जीव दाखविणारी स्थिर पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिल्यास तिचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. एलसीडी पडद्यांत 'व्हीए' प्रकारात काळा रंग अधिक गडद दिसतो, तर 'आयपीएस' प्रकारात बाजूने पाहतानाही रंग फारसे बदलत नाहीत. चार-पाच जण अर्धवर्तुळ करून बसणार असतील तर दुसरा प्रकार सोयीचा होय. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसा खोलीत येणारा प्रखर उजेड लक्षात घेता पडद्याची उजळता व चकाकीरहित पृष्ठभाग यांचाही विचार व्हावा. सपाट पडदा प्रत्येक चित्र पुढील चित्र येईपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे वेगाने सरकणारे दृश्य अंधुक भासते. काही संच दोन चित्रांमध्ये काळे चित्र दाखवून हा दोष कमी करतात, परंतु त्यामुळे उजळता घटते.

उ) जोडणीची सोय : जुन्या यंत्रातून संकेत दोन प्रकारे बाहेर पडतो : अँटेनाच्या तारेतून किंवा पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांच्या एव्ही तारेतून. पैकी एव्ही जोडणी अधिक स्वच्छ असते. अनेक आधुनिक संचांत तिच्यासाठी केवळ एक बारीक छिद्र असते व त्यासाठी वेगळी जोडतार लागते. या तारांची अंतर्गत रचना सर्वत्र सारखी नसल्याने संचासोबत मिळणारी किंवा त्याच संचासाठी असलेली तार वापरावी. काही नव्या संचांत ही सोयच नसते. परदेशातून आणलेले एनटीएससी यंत्र असल्यास संच ती पद्धतीही ओळखतो काय, हे पाहावे. अन्यथा चित्र कृष्णधवल दिसते.

परिवर्तक व अनुकरण-प्रणाली

संचातील एव्ही जोडणी असमाधानकारक असेल तर मध्ये परिवर्तक बसविता येतो. अत्यंत स्वस्त परिवर्तक संकेताचे स्वरूप ओळखत नाहीत व वर वर्णिलेले दोष तसेच पुढे पाठवितात. खास या कामासाठी बनविलेली 'ओएसएससी' किंवा 'रेट्रोटिंक' मालिकेतील उपकरणे २४० रेषांचा संकेत योग्य रीतीने ओळखतात व जवळजवळ विनाविलंब मोठा करतात. मात्र ओएसएससीवर मूळ रूपात एव्ही तार थेट जोडता येत नाही, म्हणून घेण्यापूर्वी उपकरणाचे प्रवेशद्वार तपासावे. ही उपकरणे महाग असून ज्याच्याकडे अनेक जुनी यंत्रे आहेत त्यालाच हा खर्च परवडेल.

दुसरा मार्ग म्हणजे संगणकावर किंवा रास्पबेरी पाय यांसारख्या लहान संगणकावर अनुकरण-प्रणाली चालविणे. येथे भारतीय खेळाडूच्या दृष्टीने एक महत्त्वाची बाब नोंदविणे आवश्यक आहे. फॅमिकॉमवरील बहुतेक खेळांची गती चित्रांच्या संख्येवर अवलंबून असते. ६० चित्रांसाठी रचलेला खेळ पाल संकेत देणाऱ्या प्रतिकृतीवर ५० चित्रांनी चाले, म्हणजेच तो व त्याचे संगीत मुळाच्या पाच षष्ठांश गतीने चाले. त्यामुळे आज अनुकरण-प्रणालीवर मूळ गतीने चालणारा खेळ त्या पिढीला एक पंचमांशाने वेगवान भासतो. पूर्वी सहज पार होणारा टप्पा आज अवघड का वाटतो, याचे हे एक संभाव्य कारण आहे. काही अनुकरण-प्रणालींत रशियन बाजारातील 'डेंडी' या प्रतिकृतीच्या नावाने ५० चित्रांचा पर्याय उपलब्ध असतो. तो निवडल्यास पडदाही ५० आवर्तनांवर ठेवावा, नाहीतर हालचाल अडखळते. जपानी खेळाडूचा 'मूळ' अनुभव आणि सोलापूरच्या मुलाचा 'मूळ' अनुभव अशा प्रकारे भिन्न आहेत. जतन कोणत्या अनुभवाचे करावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अनुकरणाबाबत कायद्याचे भानही ठेवले पाहिजे. कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार संगणक आज्ञावलीस साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. म्हणून महाविद्यालयीन उपक्रमात मुक्त परवान्याचे किंवा विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेले खेळ वापरणे उचित होय.

आधुनिक संचाच्या मर्यादा

निवड कितीही काळजीपूर्वक केली तरी दोन गोष्टी आधुनिक संच देऊ शकत नाही. पहिली म्हणजे प्रकाश-बंदुकीचा खेळ. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीतून छर्रा सुटतो. 'डक हंट'च्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. हा संवेदक चित्रनलिकेच्या प्रकाशातील स्पंदने व अचूक वेळ यांवर विसंबून असतो. सपाट पडद्यावर ही दोन्ही नसल्याने नेम कितीही बरोबर असला तरी बदक पडत नाही. बंदूक फेकून देण्यापूर्वी हे कारण माहीत असावे.

दुसरी गोष्ट रंगमिश्रणाची. एव्ही तार व चित्रनलिका यांमुळे शेजारचे रंग किंचित एकमेकांत मिसळत आणि त्या काळातील रचनाकारांनी याचा हेतुतः उपयोग केला. सेगा कंपनीच्या १९९१ च्या 'सोनिक' या खेळातील धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. जुन्या संचावर तो पारदर्शक पाण्यासारखा दिसतो, तर तीक्ष्ण पडद्यावर नुसत्या पट्ट्या दिसतात. चादरीतील दोन रंगांचे धागे दुरून तिसऱ्याच रंगाचे भासतात, तसाच हा प्रकार आहे. अनुकरण-प्रणालीतील चित्रनलिकासदृश गाळण्या हा परिणाम बऱ्याच अंशी साधतात आणि त्यासाठीही फोर-के पडद्याचे अधिक बिंदू उपयोगी पडतात.

खरेदीपूर्व चाचणी

नवी पेठ किंवा अन्यत्र दुकानात संच पाहताना तो प्रदर्शनाच्या भडक पद्धतीवर लावलेला असतो. त्यावरून निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास आपले खेळयंत्र सोबत न्यावे व पुढील तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ४:३ पर्याय निवडल्यावर वर्तुळाकार आकृती वर्तुळच दिसते काय. दुसरी, लुकलुकणारे पात्र लुकलुकतेच काय. तिसरी, विलंब किती. विलंब मोजण्यास महाग उपकरण लागत नाही. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या भ्रमणध्वनीने कळ व पडदा एकाच चौकटीत चित्रित करावा आणि कळ दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतची चित्रे मोजावीत. प्रत्येक चित्र सुमारे ४.२ मिलिसेकंदांचे असते. २४ चित्रे मोजली गेल्यास एकूण विलंब सुमारे १०० मिलिसेकंद होय. यात खेळयंत्राचा स्वतःचा विलंबही मिसळलेला असतो. म्हणून हीच मोजणी दोन-तीन संचांवर करून त्यांची परस्पर तुलना करावी.

निष्कर्ष

१. जुन्या खेळांसाठी संच निवडताना विलंब, ४:३ पर्याय व एव्ही जोडणी यांना आकार व इतर सुविधांपेक्षा अग्रक्रम द्यावा.
२. सर्वसाधारण कुटुंबासाठी गेम मोड असलेला ४३ इंची फोर-के एलसीडी संच हा खर्च व गुणवत्ता यांचा योग्य समतोल ठरतो.
३. संच हाताशी असेल तर आधी गेम मोड व ४:३ पर्याय वापरून पाहावा. नवी खरेदी हा त्यानंतरचा उपाय होय.
४. मूळ अनुभव ५० चित्रांचा की ६० चित्रांचा, हे अनुकरण-प्रणाली वापरताना जाणीवपूर्वक निश्चित करावे.
५. प्रकाश-बंदुकीच्या खेळांसाठी चित्रनलिकेला पर्याय नाही.

समारोप

चालू स्थितीतील चित्रनलिकेचा संच आज घरात अडचण वाटतो व बहुधा भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. त्याची काच शिसेयुक्त असते, आतील विद्युतदाब वीस ते तीस हजार व्होल्टचा असतो आणि तो उघडणे वा फोडणे धोकादायक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण यंत्रणेकडेच असा संच सोपविणे अपेक्षित आहे. परंतु तो चालू असेल तर सोपविण्याची घाई करू नये. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र या विभागांनी असा एखादा संच व एक खेळयंत्र प्रयोगशाळेत राखून ठेवल्यास क्रमवीक्षण, संकेतप्रक्रिया, विलंब व मानवी प्रतिसाद हे चारही विषय एका मेजावर शिकविता येतील. आज पदवीच्या वर्गात बसलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी चित्रनलिका चालू अवस्थेत जवळून पाहिलेली नसते. ती बंद पडल्यावर दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. म्हणून आधुनिक संचाची डोळस निवड करीत असतानाच जुन्या संचांपैकी काही जपण्याचा निर्णय घ्यावयाचा असेल, तर तो याच काही वर्षांत घेतला गेला पाहिजे.